लिनियाच्या शोधात: उप्साला ते स्मोलांड

गुरुवार

दुपारी स्वीडनला आर्लांडा विमानतळावर उतरले, तिथून ट्रेनने उप्साला वीस मिनिटांच्या आत, स्टेशनवर भाची घ्यायला आलेली. ती इथे पीएचडी करते, विषय बॅटऱ्यांचा, झाडापानांशी तिचा तसा संबंध नाही, पण मी केव्हापासून तिच्या मागे लागलेले की बाई मला ना स्टॉकहोमचा राजवाडा बघायचाय ना जहाजाचं म्युझियम, मला जुलैच्या सुरुवातीला जंगलात ने, एक फूल बघायचंय. "मावशी, एका फुलासाठी एवढ्या लांब येणार तू?" असं तिने फोनवर विचारलेलं, मी म्हटलं हो, येणार म्हणजे येणार.

ते फूल म्हणजे लिनिया. पूर्ण नाव लिनिया बोरिआलिस. उत्तरेकडच्या थंड प्रदेशात, म्हणजे स्वीडन-नॉर्वे-फिनलंडपासून रशिया, सायबेरिया, तिकडे कॅनडा-अलास्कापर्यंत पाइन आणि स्प्रूसच्या जंगलात शेवाळावर पसरणारी वेल. बोटभर उंचीची दांडी, तिला वर दोन फाटे आणि प्रत्येक फाट्याला खाली मान घातलेली एक गुलाबी घंटा, जेमतेम सेंटीमीटरभर. बास, एवढंच. बाजूने चालत गेलात तर दिसणारही नाही.

मग इतकी ओढ का? मी साताऱ्याला कॉलेजात बॉटनी शिकवली. वनस्पतीचं नाव लिहायचं तर शेवटी नाव देणाऱ्याचं अक्षर लिहावं लागतं, आणि आपल्याकडे कुठलंही ओळखीचं झाड घ्या, आंबा घ्या, वड घ्या, तुळस घ्या, शेवटी 'एल.' येतो. एल. म्हणजे कार्ल लिनियस, अठराव्या शतकातला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ. फळ्यावर तो एल. लिहून लिहून माझी बोटं झिजली. ज्या माणसाने हजारो झाडांना नावं दिली त्याचं स्वतःचं नाव मात्र या वीतभरही न वाढणाऱ्या फुलाला आहे, आणि ते त्याने स्वतःच्या पसंतीने घेतलेलं. हे फूल त्याच्याच मातीत, त्याच्याच मोसमात बघायचं हे मनात कधीचं होतं.

जेवून फिरिस नदीच्या कडेने चक्कर मारली. रात्रीचे दहा वाजून गेले तरी लख्ख उजेड, लोक नदीकाठी बसून गप्पा मारतायत. शरीराला झोप हवी होती पण डोळ्यांना पटत नव्हतं.

शुक्रवार

सकाळी लिनियसच्या बागेत. शहराच्या मध्यावर आहे, घरापासून चालत गेलो. ही स्वीडनमधली सगळ्यात जुनी वनस्पती बाग, 1655 मध्ये ओलोफ रुडबेकने सुरू केली, पुढे 1702 च्या मोठ्या आगीत शहराबरोबर तिचीही वाट लागली आणि मग 1741 मध्ये लिनियस प्रोफेसर झाल्यावर त्याने ती परत उभी केली. मधल्या वाटेच्या एका बाजूला एका वर्षात संपणारी झाडं, दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षं टिकणारी, वाफे त्याच्या वर्गीकरणाप्रमाणे. म्हणजे पुंकेसर किती, स्त्रीकेसर किती ते मोजायचं आणि त्याप्रमाणे झाड कुठल्या वर्गात ते ठरवायचं. आज ही पद्धत मागे पडली हे सगळ्यांना माहितीय, पण त्या काळी कोणाही विद्यार्थ्याला भिंग घेऊन बसलं की झाड ओळखता यायला लागलं, ही केवढी मोठी गोष्ट होती. मी प्रत्येक वाफ्यापाशी थांबत होते, भाची बिचारी बाकावर बसून ईमेल उरकत होती.

बागेच्या कोपऱ्यात त्याचं घर आहे, 1743 पासून शेवटपर्यंत तो तिथे राहिला, आता म्युझियम केलंय. लिनियाचा विषय निघाला की त्या माणसाचा स्वभावच कळतो. त्याच्याआधी या झाडाला कॅम्पॅन्युलाच्या, म्हणजे घंटेसारख्या फुलांच्या गटात टाकून एक वेगळंच नाव दिलेलं होतं. तो 1732 मध्ये पार उत्तरेला लॅपलँडच्या प्रवासाला गेला, पंचविशीचा पोरगा, बराचसा घोड्यावरून आणि बाकीचा पायी, आणि तिकडच्या जंगलांत हे फूल त्याच्या मनात बसलं. आपल्याच नावाने वनस्पतीचं नाव ठेवणं बरं दिसत नाही म्हणून लायडनचे त्याचे मित्र यान फ्रेडरिक ग्रोनोव्हियस यांनी ते नाव दिलं, आणि 1737 साली लिनियसने लिहून ठेवलं की हे लॅपलँडमधलं झाड आहे, बुटकं, कोणाच्या खिजगणतीत नसलेलं, थोडेच दिवस फुलणारं, अगदी लिनियससारखंच. काय कमाल आहे ना! तसा तो माणूस स्वतःच्या कामाबद्दल अजिबात विनम्र नव्हता, आपण काय करतोय याची त्याला पुरती जाण होती, आणि तरी खूण म्हणून निवडलं ते हे.

आणि मग आयुष्यभर त्याने ते सोडलं नाही. 1737 च्याच हॉफमनने काढलेल्या चित्रात तो लॅपलँडमधल्या सामी लोकांचा पोशाख घालून उभा आहे आणि हातात लिनिया. म्हातारपणी, 1775 मध्ये रोसलिनने काढलेल्या चित्रात कोटाला लिनिया. सरदारकी मिळाली तेव्हा घराण्याच्या चिन्हात लिनिया. चीनमधून चहाची भांडी बनवून घेतली तर त्यावरही हेच फूल रंगवून घेतलं. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की मी इथे आले तेव्हा एक स्वीडिश मैत्रीण जुनी 100 क्रोनरची नोट जपून ठेवलेली दाखवत होती, त्यावर कोण होतं माहितीय का? तोच. 2016 नंतर नव्या नोटेवर ग्रेटा गार्बो आली.

दुपारी कॅथेड्रल. लिनियसची समाधी तिथेच आहे, फरशीत बसवलेला साधा दगड, लोक त्याच्यावरून चालत जातात. मी थोडा वेळ उभी राहिले. संध्याकाळी काही नाही, कॉफी आणि दालचिनीचे बन, इथल्या माणसांचा रोजचा कार्यक्रम.

शनिवार

हाम्मर्बी. हे लिनियसचं शेत आणि उन्हाळ्यातलं घर, 1758 मध्ये विकत घेतलेलं, शहराच्या आग्नेयेला. बसने जाता येतं पण आम्ही सायकली काढल्या, सगळा सपाट भाग, दोन्हीकडे गव्हाची आणि बार्लीची शेतं, मधे डॅनमार्क नावाच्या गावाचं जुनं चर्च. याच वाटेने तो विद्यार्थ्यांना घेऊन फिरायला जायचा. उप्सालाच्या आजूबाजूच्या अशा आठ वाटा त्याने ठरवलेल्या, आजही त्यावर पाट्या आहेत. एकेका वेळी शंभरावर मुलं, सगळ्यांना ठरलेले सैल कपडे, ठरलेल्या वेळी जमायचं, ठरलेल्या ठिकाणी थांबून तो बोलणार, आणि संध्याकाळी टोपीत फुलं खोचून, ढोल-शिंगं वाजवत शहरात परत यायचं, बागेपाशी आल्यावर लिनियसच्या नावाचा जयजयकार. मला वारीची आठवण आली. युनिव्हर्सिटीतल्या इतर लोकांना हे प्रकरण फार उथळ वाटायचं म्हणे. मी कॉलेजात असताना पोरांना कासला, चाळकेवाडीला घेऊन जायचे तेव्हा वर्गात झोपणारी मुलंही जमिनीवर उपडी पडून सीतेची आसवं बघायची, त्यामुळे तो बरोबर होता याबद्दल मला काडीचीही शंका नाही.

घरात सगळ्यात बघण्यासारखं म्हणजे त्याच्या झोपायच्या खोलीच्या भिंती. वनस्पतींच्या पुस्तकांतली मोठमोठी छापील चित्रं त्याने सरळ भिंतींवर चिकटवली, जमिनीपासून छतापर्यंत. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, कागद तपकिरी पडलाय, ओल आलीय, कडा सुटल्यात, पण चित्रं तिथेच आहेत. मोठ्या पानांच्या उष्ण देशातल्या वनस्पती, ज्यांतल्या बऱ्याच त्याने कधी जिवंत पाहिल्या नसतील. तो भारतात कधी आला नाही, आपल्याकडच्या झाडांची माहिती त्याला 'हॉर्टस मलबारिकस'सारख्या ग्रंथांतून आणि लोकांनी पाठवलेल्या सुकवलेल्या नमुन्यांतून मिळायची.

मागे टेकडीवर एक छोटी दगडी इमारत आहे. 1766 मध्ये उप्सालाला परत मोठी आग लागली, आपला संग्रह जळेल या धास्तीने त्याने 1769 मध्ये ही बांधली, आत शेकोटी पण ठेवली नाही. आज ती रिकामी. त्याच्या मृत्यूनंतर बायकोने सगळा संग्रह विकला, 1784 मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ नावाच्या तरुण इंग्रजाने घेतला आणि तो लंडनला गेला. तिथेच पुढे 1788 मध्ये लिनियन सोसायटी निघाली. म्हणजे त्याने हाताने दाबून सुकवलेली लिनिया बघायला स्वीडनला नाही, लंडनला जावं लागतं. मला हे लागलं जरा मनाला.

बागेत त्याने लावलेली कितीतरी झाडं आपोआप पसरत अजून टिकून आहेत. सायबेरियातली एक पिवळी कोरिडॅलिस आहे, त्याने मागवलं होतं भलतंच बी, उगवली ही, आणि तेव्हापासून टेकडीभर झालीय. ती मे महिन्यात फुलते, आम्हाला नुसता पाचोळा दिसला. कुंपणापाशी रानस्ट्रॉबेरी मात्र पिकल्या होत्या, नखाएवढ्या, आणि चव अशी की महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी विसरावी. लिनियसला गाउटचा, म्हणजे सांधे सुजण्याचा त्रास होता आणि रानस्ट्रॉबेरी भरपूर खाऊन तो बरा झाला अशी त्याची पक्की समजूत होती. इथली मुलं त्या गवताच्या काडीत ओवतात, भाचीने मला ओवून दिल्या.

रविवार

आज फीबी. उप्सालाच्या पश्चिमेला साधारण 15 किलोमीटरवर फीबीचं जुनं जंगल आहे, संरक्षित. रुटगर सर्नांडर नावाच्या संशोधकाने 1936 मध्ये याच्यावर मोठा अभ्यास छापला, जंगलातली म्हातारी झाडं वाऱ्याने पडतात, तिथे उजेडाची खिडकी तयार होते आणि त्या खिडकीत नवी झाडं कशी येतात हे त्याने इथे दाखवलं. भाचीच्या लॅबमधल्या एका मुलाने गाडीने सोडलं.

आधी एक सांगते, पूर्ण बाह्या, पॅन्ट मोज्यात खोचलेली, हे हवंच. डास तर आहेतच पण गोचीड जास्त वाईट, तिच्यातून लाइम आणि टीबीई (हा मेंदूला सूज आणणारा) असे दोन्ही आजार होऊ शकतात, इथले बरेच जण टीबीईची लस घेतात. संध्याकाळी घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, सगळीकडे तपासायचं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा काय जाणवतं तर पायाखाली आवाज नाही. सगळी जमीन शेवाळाने भरलेली, दगड शेवाळाखाली, पडलेली खोडं शेवाळाखाली. हे शेवाळ जवळून बघण्यासारखं आहे. हायलोकोमियम नावाचं जे चकाकणारं शेवाळ आहे त्याची प्रत्येक वर्षीची वाढ आधीच्या वर्षीच्या पाठीवरून पायरीसारखी वर निघते, एक काडी हळूच वेगळी करून बघितली तर पायऱ्या मोजता येतात, इतक्या वर्षांचं हे. मी भाचीला दाखवलं, आणि पहिल्यांदाच तिने फोन खिशात ठेवला. मग ब्लूबेरीची गुडघ्याएवढी झुडपं, फळं अजून हिरवी. उंच सरळ स्प्रूस, त्यांच्या खालच्या वाळक्या फांद्यांवर दाढीसारखे लोंबणारे दगडफूल. कोणी शेकडो वर्षांत हात न लावलेलं जंगल कसं दिसतं ते आपल्याला देवराईत कळतं, आहुप्याच्या देवराईत मी हीच गार, ओलसर, कुजणाऱ्या लाकडाची हवा घेतलेली आहे, झाडं सगळी वेगळी पण हवा तीच.

लिनिया लगेच मिळाली नाही. वाटेवर ठिकठिकाणी पडलेली खोडं, त्यांच्यावरून चढून जायचं, डोळे जमिनीवर. एका ठिकाणी सात पाकळ्यांचं एक पांढरं तारेसारखं फूल, शेवटचं उरलेलं, इथे त्याला वनतारा अशा अर्थाचं नाव आहे, सात पाकळ्या फुलांत फार क्वचित दिसतात त्यामुळे मी तिथेही बराच वेळ बसले. भाची म्हणाली, "हेच का ते?" म्हटलं नाही गं, थांब.

मग एका पडलेल्या खोडाच्या कडेला, जिथे वरून थोडा उजेड येत होता, एक म्हातारी स्वीडिश बाई बसलेली दिसली, शेजारी थर्मास. आम्ही हॅलो केलं, तिने आमच्याकडे बघितलं, माझ्या गळ्यातलं भिंग बघितलं आणि काही न विचारता पायाजवळ बोट दाखवलं.

होती. नुसती होती नाही, खोडाच्या बाजूने चांगली दोन-तीन मीटर पसरलेली. आधी पानं दिसली, गोलसर, सेंटीमीटरभर, समोरासमोर जोडीने, टोकाकडे दोन-चार बोथट दाते, हिवाळ्यातही हिरवी राहतात ती. धाग्याएवढं खोड शेवाळावरून सरपटत जातं आणि मधेमधे मुळं सोडतं. त्यातून सरळ वर उभ्या दांड्या, आणि दांड्यांवर जोड्या. शेकडो असतील. वाऱ्याची झुळूक पण नव्हती तरी त्या हलत होत्या, इतकी बारीक दांडी.

मी सरळ शेवाळावर आडवी झाले, दुसरा इलाजच नाही, फुलं खाली बघतात, त्यामुळे आत काय आहे ते बघायचं तर आपला गाल जमिनीला लावावा लागतो. बाहेरून फिकट, जवळजवळ पांढरी, कडेला गुलाबी. आत गडद गुलाबी रेषा, एका बाजूला पिवळसर पट्टा, हा किड्यांना रस्ता दाखवणारा, आणि आत मऊ केस. भिंगातून पुंकेसर मोजले, चार. दोन लांब, दोन आखूड. कॉलेजात हा वर्ग शिकवताना मी नेहमी तुळशीचं फूल घ्यायचे, तिचेही चार आणि तसेच दोन लांब दोन आखूड, म्हणून लिनियसच्या पद्धतीत तुळस आणि लिनिया एकाच वर्गात. आज तुळस वेगळ्या कुळात आणि लिनिया हनीसकलच्या कुळात, पण त्या क्षणी मला ते दोन्ही एका वाफ्यात दिसले.

अजून एक बघितलं. फुलाच्या खाली बीजांडकोशाला लपेटून दोन छोट्या पाकळीसारख्या पापड्या असतात, त्यांच्यावर बारीक केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. बोटाचा नुसता स्पर्श केला तर बोट चिकटतं. फळ तयार झालं की या पापड्यांसकट ते हरणाच्या नाहीतर सशाच्या अंगाला, पक्ष्याच्या पिसाला चिकटून दुसरीकडे जातं. फळात बी एकच. बीजांडकोशाला कप्पे तीन असतात पण रुजतं एकाच कप्प्यातलं, बाकीचे दोन रिकामे राहतात.

म्हातारी बाई इंग्रजी छान बोलत होती. म्हणाली, वास घ्या, पण आत्ता कमी येईल, संध्याकाळी या, तेव्हा येतो. मी घेतला. बदामाच्या इसेन्ससारखा, थोडा व्हॅनिलाकडे झुकणारा, हलका पण स्पष्ट. तिच्या नातीचं नाव लिनिया आहे, शाळेत तिच्या वर्गात अजून एक लिनिया आहे, हे नाव इथे खूप मुलींचं असतं. लहानपणी तिची आजी सांधेदुखीवर हे उकळून लावायची, ही पद्धत बरीच जुनी आहे, लिनियसनेही नोंदवलेली. मी तिला सांगितलं की मी भारतातून या फुलासाठी आलेय. ती हसली नाही, आश्चर्यही दाखवलं नाही, थर्मासमधली कॉफी पुढे केली आणि म्हणाली, बरोबर वेळेला आलात.

मग ती जे बोलली ते मला या सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हा जो एवढा मोठा पसारा दिसतोय, तो सगळा मिळून बहुतेक एकच झाड आहे, एकाच बीपासून निघालेलं, सरपटत सरपटत पसरलेलं. आणि लिनियाला स्वतःचे पराग चालत नाहीत. इतकी शेकडो फुलं असली तरी शेजारच्या फुलाचे पराग म्हणजे स्वतःचेच, त्याने बी धरत नाही. दुसरं झाड हवं, आणि ते जवळ हवं, कारण तिचे पाहुणे म्हणजे बारीक माश्या आणि छोट्या एकांड्या मधमाश्या, त्या फार लांब उडत नाहीत. स्कॉटलंडमध्ये हेच होऊन बसलंय, तिथली जुनी पाइनची जंगलं तुटून तुकडे झाले, प्रत्येक तुकड्यात लिनियाचा एकेक पसारा राहिला, फुलतो दरवर्षी पण बी जवळजवळ नाही. आता तिकडे केर्नगॉर्म्सच्या डोंगरांत लोक वेगवेगळ्या ठिकाणची रोपं आणून एकमेकांजवळ लावतायत. फुललेलं आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण त्या पसाऱ्याशेजारी पडून ऐकताना वेगळं कळलं.

आम्ही त्या दिवशी संध्याकाळी मुद्दाम थांबलो. साडेनऊच्या सुमाराला ऊन तिरपं झालं, हवा गार झाली, आणि वास खरंच वाढला, आता आडवं व्हायची पण गरज नव्हती, नुसतं खाली बसलं तरी येत होता.

सोमवार

पाऊस. घरीच. भाचीने फ्रीझरमधला कढीपत्ता काढून आमटीला फोडणी दिली आणि मी तिला सांगितलं की या कढीपत्त्याचं आपण शिकतो ते शास्त्रीय नाव म्हणजे मुराया कोएनिजी, आणि ज्यांच्यावरून ते नाव पडलं ते मरे आणि कोनिग हे दोघंही लिनियसचे विद्यार्थी. त्यातला कोनिग 1768 मध्ये तमिळनाडूत तरंगमबाडीला येऊन राहिला, डॉक्टर म्हणून आला आणि दक्षिणेतल्या वनस्पती गोळा करत आयुष्यभर तिकडेच राहिला. तिने कढीपत्त्याचं पान हातात धरून बघितलं आणि परत फोडणीत टाकलं.

मंगळवार

पहाटेची गाडी, स्टॉकहोमला बदलून दक्षिणेला स्मोलांड प्रांतात. अर्धा दिवस प्रवासात जातो, खिडकीतून तळं-जंगल-तळं-जंगल. एल्महुल्टला उतरलो. हे गाव आयकिया या फर्निचरच्या कंपनीचं, त्यांचं पहिलं दुकान 1958 मध्ये इथे उघडलं, बरेच लोक त्यासाठी येतात. आम्ही टॅक्सीने रोशुल्ट गाठलं, इथे 23 मे 1707 ला लिनियस जन्मला. वडील चर्चमधले धर्मगुरू आणि बागेचे वेडे, कार्ल दोनेक वर्षांचा असताना ते सगळे जवळच स्टेनब्रोहुल्टला राहायला गेले.

ज्या घरात तो जन्मला ते घर जळालं, आत्ताचं नंतरचं आहे, गवताचं छप्पर, लाल रंग. घर छान आहे पण खरी गंमत बाहेर. आजूबाजूची सगळी शेती अठराव्या शतकात होती तशी ठेवलीय, दगडी गडगे, छोटे वाफे, आणि गवताची कुरणं जी आजही विळ्याने कापतात. डेझी, निळ्या घंटा, पिवळी, जांभळी, पाय ठेवायला जागा नाही इतकी फुलं. आणि ही फुलं टिकलीत ती दरवर्षी कापतात म्हणूनच, कापणं सोडलं तर काही वर्षांत बर्च आणि स्प्रूस येऊन सगळं झाकून टाकतील. मला कासचं आठवलं, तिथे कुंपण घातल्यावर आणि चराई थांबवल्यावर फुलांवर काय परिणाम झाला यावर आमच्याकडे केवढे वाद झालेत. माणसाचा हात कुठे हवा आणि कुठे नको याला एकच उत्तर नाही, फीबीला नको आणि इथे हवा.

लिनिया हे स्मोलांडचं अधिकृत फूल. स्वीडनच्या प्रत्येक प्रांताला आपापलं फूल आहे, स्मोलांडला हे. साहजिकच आहे.

बुधवार

सकाळी म्योकेल्न तळ्याच्या बाजूने चालायला निघालो. स्टेनब्रोहुल्टचं चर्च अगदी तळ्याच्या काठावर. मग जंगलातली वाट धरली, आणि तासाभरात दोन गोष्टी एकामागोमाग बघितल्या.

आधी एक तुकडा आला, चांगली मोठी पाइनची झाडं, मधून उजेड, खाली शेवाळ आणि लिनिया. एक पसारा, आणि दहा-बारा पावलांवर दुसरा, आणि दुसऱ्याची फुलं थोडी जास्त गडद. भिंगातून खालच्या बाजूला बघितलं तर दोन्हीकडे फुलं गळून गेलेल्या दांड्यांवर बीजांडकोश फुगायला लागलेले. मला इतका आनंद झाला, मी भाचीला हाक मारली, "ये ये, बघ, धरलंय!" दोन वेगळी झाडं आहेत हे मी खात्रीने नाही सांगू शकत, पण फळ धरतंय म्हणजे परागांची ये-जा होतेय.

पुढच्या वळणावर जंगल संपलं. म्हणजे तोडलेलं. पंधरा-वीस एकर तरी असेल, सगळी झाडं एकदम कापून नेलेली, मशीनच्या चाकांचे खोल चर, मधे मोजून चार पाइन उभे. स्वीडनमध्ये लाकडासाठीची बहुतेक जंगलं अशीच आहेत, लावायची, साठ ते शंभर वर्षांनी एकदम तोडायची, परत लावायची. कायदेशीर आहे, नवी रोपंही लावलेली दिसत होती, या देशाच्या पोटापाण्याचा तो भाग आहे हे मला कळतं. पण कडेला वाकून बघितलं तर लिनियाच्या वेली होत्या अजून, उघड्या उन्हात, पानं लालसर तपकिरी झालेली, शेवाळ वाळून कुरकुरीत. एकही फूल नाही. इथे परत सावली येईपर्यंत तीस वर्षं जातील, आणि तेव्हा दाट लावलेल्या स्प्रूसखाली इतका अंधार असेल की लिनियाला तोही चालणार नाही. तिला सावली पण लागते आणि खिडकीतून येणारा उजेड पण लागतो, आणि शेवाळाची चादर न फाटता लागते. म्हाताऱ्या जंगलात हे सगळं एकत्र मिळतं, लावलेल्यात नाही. झाडं मोजून जंगल वाढलं असं सांगणाऱ्या लोकांना, मग ते स्वीडनमधले असोत नाहीतर आपल्याकडे ग्लिरिसिडियासारखं परदेशी झाड लावून डोंगर हिरवे झाले म्हणणारे, मला त्या कडेवर आणून उभं करावंसं वाटलं. वाकून बघा म्हणावं, खाली काय राहिलंय.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, पुढच्या वर्षी मी एकटी जाऊन फीबीची बघून येते, आणि तुला फोटो पाठवते, फळं धरली का ते." मी तिला माझं भिंग देऊन टाकलं.

कोणाला जायचं असेल तर: उप्सालाच्या आणि दक्षिणेच्या भागात जूनचा शेवट ते जुलैचा मध्य ही वेळ, मिडसमर या जूनमधल्या सणाच्या सुट्टीत बसगाड्या कमी असतात ते बघून ठरवा. जंगलात फिरायला स्वीडनमध्ये कोणाची परवानगी लागत नाही, पण संरक्षित जंगलांचे नियम जागोजागी वेगळे, गेटवरची पाटी वाचा, आणि फूल तोडू नका, त्या नाजूक दांडीचं पाच मिनिटांत काही उरत नाही. बसायचं तर दगडावर बसा, शेवाळावर एकदाच आणि जपून. भिंग दहापटीचं पुरे. आणि ज्यांना जुलैच्या शेवटीच सुट्टी मिळते त्यांनी उप्सालाला न थांबता सरळ उत्तरेला लॅपलँडकडे जावं, तिकडे बहर उशिरा येतो.